न मोजलेली सळई

माझी बायको जळून राख झाली. तिच्या मांडीतली सळई तेवढी राहिली.

तिसऱ्या दिवशी वैनगंगेच्या काठी राख सावडताना ती माझ्या साळ्याच्या काडीला लागली. हातभराला थोडी कमी, मधून पोकळ, किंचित वाकडी, दोन्ही टोकांना आरपार भोकं. वरून काळी-राखाडी पडलेली. साळ्याला आधी वाटलं, लाकडांसोबत कुठलं तरी लोखंड आलं असेल. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो ती नदीत टाकायला निघाला. मी त्याच्या हातातून ओढून घेतली. राखेतली होती म्हणून अजून कोमट होती.

साळा दिघोरीचा, तिच्या पाठचा भाऊ. तो म्हणाला, भाऊजी, मेलेल्या माणसाचं घरात ठेवत नाहीत. मी म्हणालो, दहाव्याला टाकू, तोवर माझ्याजवळ राहील. मुलगा मधे पडला म्हणून बरं, नाही तर तिथंच राखेत आमची झोंबाझोंबी झाली असती.

मला एकच माहीत करायचं होतं. ती सळई टायटॅनियमची आहे की नाही. आणि ते दहाव्याच्या आत माहीत करायचं होतं.

काहून, ते सांगतो. पण आधी हे सांगतो की त्या दिवसांत घरी जी माणसं येत होती त्यांच्यामुळे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कोणी म्हणे, सुटली बिचारी. मी विचारलं, कोणी बांधून ठेवली होती काय तिला. कोणी म्हणे, वय झालं होतं. तिचं वय माझ्यापेक्षा सहा वर्षांनी कमी. वयाचीच गोष्ट असती तर मी इथं काहून बसलो असतो? चहा फुंकत फुंकत लोक असं बोलतात आणि त्यांना लाज वाटत नाही. दोघांना मी कप खाली ठेवायला लावून आंगणाबाहेर काढलं. गावात बोलणं सुरू झालं की म्हातारा सटकला. सटकलो होतोच.

मी सातवी नापास. वरठीच्या बाजूला एक लहान कारखाना होता, आता बंद पडला. तिथं मी सव्वीस वर्षं तपासणीच्या शेडमध्ये काम केलं. आधी सायकलनं जायचो, मग मोटरसायकलनं. तिथं खास धातूंच्या सळया यायच्या. काही स्टेनलेस, काही शुद्ध टायटॅनियम, काही मिश्र टायटॅनियम. ओळख म्हणून टोकाला रंग लावलेला असायचा, पण ट्रकमध्ये घासून घासून तो रंग जायचा आणि सगळ्या सळया एकमेकींच्या बहिणी दिसायच्या. चुंबकानं काम भागत नाही. चांगल्या स्टेनलेसला चुंबक धरत नाही आणि टायटॅनियमलाही धरत नाही. मग वीज लावायची. सळईतून ठरलेला करंट सोडायचा, मधल्या दोन जागी दुसऱ्या तारा टेकवायच्या, आणि त्या दोन जागांमध्ये किती व्होल्टेज उतरलं ते पाहायचं. जितकं जास्त उतरलं, तितका तो धातू विजेला अडवतो.

तांबं विजेला अडवतच नाही म्हटलं तरी चालेल. स्टेनलेस चांगलं अडवतं. शुद्ध टायटॅनियम स्टेनलेसपेक्षा थोडं मोकळं सोडतं. पण त्याच टायटॅनियममध्ये थोडं ॲल्युमिनियम आणि थोडं व्हॅनेडियम मिसळलं की ते स्टेनलेसच्या दुपटीच्या वर अडवतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पटलंच नाही. ॲल्युमिनियमच्या तर तारा असतात खांबावर, त्यातून वीज सरळ गावात येते. तेच ॲल्युमिनियम टायटॅनियममध्ये गेलं की वाट अडवून बसतं, हे कसं? शेडमध्ये आमचे मोठे टेस्टर होते, त्यांना आम्ही बाबू म्हणायचो. त्यांनी सांगितलं, परका आत घुसला की आतली सगळी रांग बिघडते. घरी येऊन हे मी बायकोला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "म्हंजे मी तुमच्या घरात आली तसंच की नाई." आणि सुपातून मान वर न काढता हसली.

बाबूंचे दोन कायदे होते. करंट पाजणाऱ्या तारा वेगळ्या आणि मोजणाऱ्या तारा वेगळ्या, दोन्ही कामं एकाच तारेला द्यायची नाहीत. आणि ज्यानं मोजलं त्यानंच रजिस्टरवर सही करायची. एकदा घाई होती. ट्रकवाला म्हणाला, सगळा माल एकच आहे, आणि मी सहा सळया न मोजता सही ठोकली. त्यातली एक दुसऱ्याच धातूची निघाली. बाबू ओरडले नाहीत. सगळ्या शेडला गोळा केलं, माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे तू मोजलं काय? मी खाली पाहिलं. त्यानंतर सव्वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत न मोजलेल्या वस्तूवर मी सही केली नाही. माझ्याजवळ शेती थोडी, शिक्षण नाही, रूप तर नाहीच. सही तेवढी होती.

आता तिच्या पायाचं. पाच वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत डोक्यावर पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंढी घेऊन ती शेताच्या धुऱ्यावरून चालत होती. पाय घसरला आणि खाली बांधीतल्या चिखलात पडली. डावी मांडी मोडली. नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं हाडाच्या आत सळई घातली आणि बाहेर येऊन सांगितलं, टायटॅनियमची टाकली आहे, काळजी करू नका. मी विचारलं, शुद्ध की मिश्र? तो हसायला लागला. म्हणाला, काका, तुम्ही कुठं काम करता?

सुट्टी होताना त्यांनी एक कार्ड दिलं. त्यावर सळईचं सगळं लिहिलेलं होतं. सांभाळून ठेवा म्हणाले. मग सरकारी योजनेच्या फायलीत मूळ कागद लागतात म्हणून ते कार्ड मी दिलं. बायको म्हणाली, झेरॉक्स काढून घ्या. मी तिच्यावर खेकसलो. सव्वीस वर्षं टायटॅनियम हाताळलं, मला कोणाच्या कार्डाची गरज काय? माझं खेकसणं तिला पाठ होतं.

मागच्या हिवाळ्यात तिची पाठ दुखायला लागली. आधी वाटलं, धानाच्या कापणीची पाठ आहे, जाईल. मग पायांना मुंग्या यायला लागल्या. मग चप्पल पायातून निघून जायची आणि तिला कळायचं नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, मणक्यात काहीतरी आहे, एमआरआय लवकर करा.

तिथल्याच एमआरआय केंद्रावर आम्ही तिघं गेलो, मी, ती आणि मुलगा. मुलगा आम्हाला दारात उतरवून गाडी लावायला गेला. काउंटरवर एक पोरगी होती, पंचविशीची. तिनं विचारलं, अंगात कुठं धातू आहे काय? मी म्हणालो, डाव्या मांडीत, टायटॅनियमची सळई. कागद आहे काय? नाही. मग ती म्हणाली की आत फार जोराचं चुंबक असतं, लोखंड असलं तर ओढलं जातं, तापतं, कागदाशिवाय आत घेता येत नाही. मी तिला सांगितलं की पोरी, मी आयुष्यभर हेच तपासलं आहे. ती आत गेली, कोणाला तरी विचारून परत आली आणि माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला.

"बाबा, तुम्हाला इतकी खात्री आहे तर असं लिहून द्या, की रॉड टायटॅनियमचा आहे, जबाबदारी तुमची. खाली सही करा. मग आत घेतील."

पेन माझ्या हातात होता. बायको चाकाच्या खुर्चीवर होती. मी त्या रिकाम्या रेघेकडे पाहिलं आणि मला सळईचा रंग आठवेना, कारण मी ती पाहिलीच नव्हती. डॉक्टरनं तोंडानं सांगितलं होतं. ट्रकवालाही तोंडानंच सांगत होता. आत काही भलतंच निघालं, मशीननं तिची मांडी ओढली, तर? मी भ्यालो. आणि भ्यालो असं म्हणायची लाज वाटली, म्हणून ताठ्यानं म्हणालो, "मी मोजली नाई. न मोजता सही नाई करत मी."

पोरगी माझ्याकडे पाहत राहिली. बायकोही.

मुलगा आला तेव्हा मी म्हणालो, कागदाशिवाय घेत नाहीत म्हणतात. हे खोटं नव्हतं. अर्धं होतं. मुलगा त्या पोरीवर तुटून पडला. नको नको ते बोलला, तिच्या मायबापापर्यंत गेला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात ती मला उघडं पाडू शकली असती. नाही पाडलं. आणि मी, सत्तरी पार केलेला माणूस, तिला शिव्या खाताना पाहत उभा राहिलो.

परत येताना गाडीत मुलगा पुढे होता, आम्ही दोघं मागे. बायको त्याला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "अजी, जिंदगीत भाजीतलं मीठ तरी मोजलं काय तुमी? आजच मोजाची पडली." एवढंच. नंतर तिनं हा विषय काढला नाही. मुलालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलं. त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि स्वतः सही केली असती. पण बायकांना नवऱ्याची अब्रू झाकायची फार हौस असते. काय करायची ती अब्रू? तिच्यासोबत जळली काय ती?

मुलगा कागदाच्या मागे लागला. नागपूरचा तो दवाखाना बंद झालेला. तिथं आता लग्नाचा हॉल आहे. डॉक्टर कुठं गेला, कोणाला माहीत नाही. योजनेच्या हापिसात म्हणाले, जुन्या फायली दुसरीकडे आहेत. दुसरीकडे म्हणाले, अर्ज करा. अर्ज केला तर म्हणाले, आधारकार्डावरचं नाव आणि फायलीतलं नाव जुळत नाही. माझी बायको इकडे घरी बिछान्यात पडून लाकूड होत होती आणि हे नावाची वेलांटी मोजत होते. मी त्यांना शिव्या घालतो ते उगाच नाही. त्यांनी खाल्लेल्या दिवसांतला एकेक दिवस तिच्या पाठीतून गेला. पण दिवस त्यांच्या ताब्यात दिले कोणी?

मग ताप चढला. पाय गेलेच होते, लघवी गेली. दवाखान्यात भरती केली आणि चौथ्या दिवशी ती गेली. एमआरआय झालाच नाही. डॉक्टर मुलाला म्हणाला, मणक्यात पू धरला असावा, आधी कळलं असतं तर काढता आला असता. मुलगा आणि साळा दोघांनी ते ऐकलं. त्याच रात्री साळ्यानं ठरवलं की तेरवी झाली की दिघोरीची वीस माणसं घेऊन भंडाऱ्याला जायचं आणि त्या काउंटरवरच्या पोरीला ओढून बाहेर काढायचं. मुलगा म्हणाला, मी पुढे राहतो. मी भिंतीला टेकून ऐकत होतो.

सळई मोजायचा माझा हिशोब असा होता. स्टेनलेस निघाली, तर टायटॅनियम लिहिलेल्या कागदावर माझी सही खोटी ठरली असती, म्हणजे नाही केली ते बरोबर झालं. डॉक्टर खोटं बोलला, आणि माझ्या हट्टानं तिचं काही बिघडलं नाही, असं मला म्हणता आलं असतं. टायटॅनियम निघाली, तर तिला आत जाऊ न देणारा माणूस मी.

वजनावरून सांगता येत नव्हतं. भरीव असती तर हातातच कळलं असतं, टायटॅनियम हलकं असतं. पण ही पोकळ, आणि तसंही त्या दिवसांत माझ्या हातावर माझा भरोसा नव्हता.

सातव्या दिवशी सकाळी मी मुलाचा वीज मोजायचा मीटर मागितला आणि त्याच्या दोन काड्या सरळ सळईला लावल्या. आकडे माकडासारखे उड्या मारायला लागले. साळा ओट्यावरून म्हणाला, "मीटर गेलं भाऊजी तुमचं. तुमीबी आराम करा." मी त्याला म्हणालो, मीटरला काही झालेलं नाही, तू तोंड बंद ठेव. पण चूक माझीच होती. एकाच जोडीनं करंटही पाजत होतो आणि मोजतही होतो. सळईपेक्षा तारांचाच अडथळा जास्त. वरून चितेतली जळकी साल. इतकी वर्षं हेच शिकवत आलो आणि रागाच्या भरात नवशिक्यासारखा चुकलो.

मुलाला विचारलं, ट्रॅक्टरची बॅटरी काढून देतो काय? त्याला कळलं मी काय करून राहिलो. म्हणजे त्याला वाटलं की कळलं. त्याचा चेहरा उजळला. "करा बाबा. टायटॅनियम निघू द्या. कागदावर लिहून त्या पोट्टीच्या तोंडावर मारतो." त्यानं बॅटरी आणली, ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा बल्ब आणला, चिमटे आणले. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा चटचट हलत होता.

आधी सळई साफ करावी लागली. पॉलिश पेपर घेऊन मी ओट्यावर बसलो आणि ती चार ठिकाणी घासली. टोकांकडे दोन जागी, मधल्या सपाट भागात दोन जागी. काळं निघालं आणि खालून राखाडी चमक आली. पाच वर्षं हिच्यावर ती उभी राहिली होती. हिच्यावर चालून तिनं तलावाच्या पाळीवरून सरपणाचे भारे आणले होते, मी नको म्हणत असताना. घासताना माझ्या तोंडून काय काय निघत होतं मला माहीत नाही. मुलगा म्हणाला, बाबा, द्या मी घासतो. मी दिली नाही.

मग जोडणी केली. बॅटरीपासून बल्बमध्ये, बल्बमधून सळईच्या एका टोकात, दुसऱ्या टोकातून परत बॅटरीकडे. बल्ब अशासाठी, की करंट बेताचा राहावा. बल्ब लागला. भर दुपारी ओट्यावर पिवळा बल्ब जळत होता. करंट आधी मोजून घेतला. सळई बाहेरून मोजली, पोकळी मोजली, मधल्या दोन खुणांमधलं अंतर मोजलं. बाबूंनी घोकून घेतलेला हिशोब जमिनीवर खडूनं मांडला. या जाडीची स्टेनलेस असती तर मीटरवर बारा मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवं. शुद्ध टायटॅनियम असतं तर त्याच्याही खाली. मिश्र टायटॅनियम असेल तर अठ्ठावीस-तीस.

मोजायच्या तारा मी स्वतः धरल्या. दोन खुणांवर टेकवल्या. मुलगा मीटर पाहत होता.

"एकोणतीस," तो म्हणाला.

बाबू नेहमी करंट उलटा करून पुन्हा मोजायला लावायचे. गरम-थंड जोडामुळे आकडा फसवतो म्हणायचे. मी चिमटे उलटे केले. तारा पुन्हा टेकवल्या.

"एकोणतीसच."

मुलगा उठून उभा झाला. मामाला हाक मारली. साळा आला, आकडा पाहिला, त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण मुलाच्या तोंडाकडे पाहून त्याला जे पाहिजे ते कळलं. दोघं बोलायला लागले. कोणाची जीप घ्यायची, कोणाला सोबत न्यायचं, पेपरवाल्याला बोलवायचं काय. मुलगा म्हणाला, वीस नाही, पन्नास माणसं नेऊ. मी अजून तारा धरूनच बसलो होतो.

माझ्या आयुष्यात मी इतकं बिनचूक काही मोजलं नसेल. आणि त्या पोरीनं काय केलं होतं? फॉर्म पुढे केला होता. पेनही तिचाच होता.

मी म्हणालो, "तिनं सही मांगतली होती. मी नाई केली."

मुलानं विचारलं, कशाची सही? मी सगळं सांगितलं. तो गाडी लावायला गेला होता तेव्हापासून, ते मिठाच्या बोलण्यापर्यंत. काही झाकलं नाही. सांगताना माझा आवाज चढला होता, जणू त्यांचीच चूक होती. मी असाच आहे, मला हळू सांगता येत नाही.

मुलगा खाली बसला आणि एकेक चिमटा काढला. बॅटरीचा आधी, मग सळईचे. बल्ब विझला. सळई त्यानं आपल्या दुपट्ट्यात गुंडाळली आणि म्हणाला, "दहाव्याले तुमी नदीवर येऊ नोका, बाबा. मी टाकतो." माझ्याकडे न पाहता तो बॅटरी उचलून ट्रॅक्टरकडे गेला.

साळा राहिला. माझ्यासमोर उकिडवा बसला. जमिनीवरच्या खडूच्या हिशोबाकडे पाहत होता.

"कराची होती न सही, भाऊजी."

"हाव," मी म्हणालो. "कराची होती."

"तुमाले तं माहीत होतं."

"माहीत होतं. मोजलं नोतं."

तेव्हा त्यानं मला आईवरून शिवी दिली. पन्नास वर्षांत त्यानं मला कधी उलट शब्द काढला नव्हता. तिचा भाऊ म्हणून त्याला तेवढा हक्क होता. मी ऐकून घेतली. मग त्यानं आणखी एक दिली, आणि रडायला लागला.

भंडाऱ्याला कोणी गेलं नाही.